कमी वापराच्या मोबाईलसाठी स्वस्त प्रीपेड प्लॅन कसा निवडावा?

घरातील तरुण मुलांना दिवसाला दीड-दोन जीबी डेटाही पुरत नाही. पण आई-वडिलांकडचा बटणांचा फोन, बँकेला आणि आधारला जोडलेले जुने सिम आणि विहिरीवरील मोबाईल स्टार्टरमधले सिम यांचा वापर अगदी थोडा असतो. अशा नंबरांच्या बाबतीत दोन प्रकार सर्रास दिसतात. एक तर दुकानदार सांगेल तो मोठ्या डेटाचा प्लॅन मारला जातो आणि डेटा वाया जातो. नाही तर ‘कोण वापरतंय एवढं’ म्हणून रिचार्जच टाळला जातो आणि नंबर हातचा जातो. पहिल्या प्रकारात वर्षाला काही शे रुपये जातात, दुसऱ्यात अनुदानाचे काम अडते.

कमी वापराच्या नंबरासाठी प्लॅन निवडताना मुख्य प्रश्न एकच असतो: हा नंबर चालू ठेवायला दिवसाला किती खर्च येतो? किती जीबी मिळतात, कोणती करमणूक फुकट आहे, हे त्यानंतर पाहावे. हा हिशेब कसा करावा आणि त्यात कुठे फसगत होते, ते या लेखात पाहू.

नंबर बंद पडला तर काय अडते?

पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. त्यासाठी ई-केवायसी लागते आणि तिचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. शेतकरी ओळख क्रमांक काढताना, महाडीबीटीवर अर्ज करताना आणि बँक खात्याचे व्यवहार करताना नोंदवलेला मोबाईल नंबरच विचारला जातो. महाडीबीटीवर निवड झाल्यावर कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत अपलोड करावी लागतात. निवडीचा संदेश बंद नंबरवर गेला तर ठिबकाचा किंवा यंत्राचा लाभ हातातून निसटू शकतो.

दुसरा धोका त्याहून मोठा आहे. कायमचा बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ‘ट्राय’ने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. म्हणजे त्या मुदतीनंतर तो कोणाच्याही हाती जाऊ शकतो. तोपर्यंत तुम्ही बँकेतला नंबर बदलला नसेल तर तुमच्या खात्याचे संदेश अनोळखी माणसाच्या फोनवर जातील.

आधी नंबराचे काम ओळखा

माती परीक्षण न करता खताची मात्रा ठरवत नाही, तसेच नंबराचे काम ठरवल्याशिवाय प्लॅन ठरवू नये. घरातील प्रत्येक सिम खालीलपैकी कोणत्या गटात बसते, ते कागदावर लिहा.

१. फक्त ओटीपी आणि बँकेच्या संदेशांसाठी ठेवलेला नंबर. फोन क्वचित होतात, डेटा लागत नाही.

२. बोलण्यासाठीचा साधा फोन. रोज चार-सहा फोन, डेटा नाही. घरातील ज्येष्ठ मंडळींचे बहुतेक फोन या गटात येतात.

३. थोड्या डेटाचा स्मार्टफोन. हवामान अंदाज, बाजारभाव, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आणि हंगामात ई-पीक पाहणी एवढाच वापर.

४. मोबाईल स्टार्टरमधले सिम. यावर मिस्ड कॉल येतात आणि मोटर चालू-बंद झाल्याचा फोन किंवा एसएमएस जातो.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गटाला डेटाची गरज नाही. शेतीविषयक माहिती डेटाशिवायही मिळते. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत साध्या फोनवरूनही लागतो. बँकेने सुविधा दिली असेल तर *९९# डायल करून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात.

खरी किंमत दिवसामागे काढा

खताची गोणी घेताना जाणकार शेतकरी गोणीच्या किमतीवर न जाता किलोभर नत्र कितीला पडते ते पाहतो. रिचार्जचेही तसेच करावे. प्लॅनच्या किमतीला वैधतेच्या दिवसांनी भागावे. येणारा आकडा हाच त्या प्लॅनचा खरा दर.

उदाहरणासाठी २०२५ च्या सुरुवातीचे काही दर घेऊ. हे दर बदलत असतात. त्यामुळे रिचार्जच्या दिवशीचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

- एअरटेल, १९९ रुपये, २८ दिवस, २ जीबी डेटासह: दिवसाला ७.११ रुपये.
- एअरटेल, ४६९ रुपये, ८४ दिवस, फक्त कॉल व एसएमएस: दिवसाला ५.५८ रुपये.
- एअरटेल, १,८४९ रुपये, ३६५ दिवस, फक्त कॉल व एसएमएस: दिवसाला ५.०७ रुपये.
- जिओ, १८९ रुपये, २८ दिवस, २ जीबी डेटासह: दिवसाला ६.७५ रुपये.
- जिओ, ४४८ रुपये, ८४ दिवस, फक्त कॉल व एसएमएस: दिवसाला ५.३३ रुपये.
- जिओ, १,७४८ रुपये, ३३६ दिवस, फक्त कॉल व एसएमएस: दिवसाला ५.२० रुपये.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिन्याचा प्लॅन नव्हे. वर्ष काढायला असे १३ रिचार्ज लागतात. १९९ रुपयांप्रमाणे १३ रिचार्जचे २,५८७ रुपये होतात. तेच काम १,८४९ रुपयांत झाले तर एका नंबरामागे ७३८ रुपये वाचतात. घरात असे तीन नंबर असतील तर बचत २,२१४ रुपयांची होते.

दुसरी, ‘वार्षिक’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक प्लॅन ३६५ दिवसांचा नसतो. वरील यादीतला एक प्लॅन ३३६ दिवसांचा आहे, म्हणजे २८ दिवसांचे १२ भाग. दर परवडणारा असला तरी पुढच्या रिचार्जची तारीख २९ दिवस आधी येते, हे ध्यानात ठेवावे.

जिओभारत हा बटणांचा फोन घरात असेल तर त्याचे प्लॅन वेगळे आहेत. हा फोन २०२३ मध्ये बाजारात आला तेव्हापासून त्यावर १२३ रुपयांत २८ दिवसांचा प्लॅन मिळू लागला. तो दिवसाला ४.३९ रुपये पडतो. पण हे प्लॅन त्याच फोनसाठी आहेत. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून वापरायचे असेल तर हा हिशेब लागू होत नाही.

फक्त कॉल-एसएमएसचा प्लॅन मागून घ्या

डेटा नको असलेल्या ग्राहकांना डेटाचे पैसे मोजावे लागू नयेत, यासाठी ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने किमान एक व्हाउचर फक्त कॉल आणि एसएमएससाठी ठेवावे, असे त्यात बंधन आहे. अशा व्हाउचरची कमाल वैधताही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्यात आली. वर दिलेले विनाडेटा प्लॅन त्यानंतरच आले.

दुकानात हे प्लॅन आपणहून सांगितले जातीलच असे नाही. ‘डेटा नसलेला, फक्त बोलण्याचा प्लॅन दाखवा’ असे स्पष्ट सांगावे. शिवाय किमान एक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवावा, असाही ट्रायचा २०२२ पासूनचा आदेश आहे. ज्यांना वर्षाचे पैसे एकदम भरणे शक्य नाही, त्यांनी २८ दिवसांच्या आणि या प्लॅनची दिवसामागची किंमत ताडून पाहावी.

तिसऱ्या गटातील शेतकऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा: ‘या प्लॅनवर गरजेपुरते वेगळे डेटा व्हाउचर चालते का?’ चालत असेल तर वर्षभर विनाडेटा प्लॅन ठेवून ई-पीक पाहणीच्या दिवसांत तेवढे छोटे व्हाउचर मारता येते. चालत नसेल तर मुलाच्या फोनवरून हॉटस्पॉट घेऊन काम भागते का ते पाहावे. दोन्ही शक्य नसेल तर थोड्या डेटाचा प्लॅनच योग्य.

२० रुपयांच्या नियमाचा अर्थ नीट समजून घ्या

‘सिममध्ये २० रुपये ठेवले की नंबर चालू राहतो’ असा संदेश अधूनमधून गावोगाव फिरतो. त्यामागे २०१३ चा नियम आहे. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही तरच तो वापराअभावी बंद करता येतो. ९० दिवस संपताना खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असेल तर २० रुपये कापून नंबर आणखी ३० दिवस राखला जातो. शिल्लक पुरेल तोवर हे चालू राहते. बंद झाल्यावरही तो परत सुरू करून घेण्यासाठी १५ दिवसांची सवलत मिळते.

मात्र हा नियम नंबर तुमच्या नावावर राखण्याचा आहे. सेवा चालू राहण्याची हमी त्यात नाही. प्लॅनची वैधता संपली की आधी तुमचे जाणारे फोन बंद होतात, आणि काही दिवसांनी येणारे फोन व संदेशही थांबू शकतात. ही मुदत कंपनीगणिक वेगळी असते. ओटीपी हवा त्या दिवशी नंबर राखलेला असून उपयोग नाही, त्यावर संदेश यायला हवा. म्हणून आधार किंवा बँकेला जोडलेला नंबर २० रुपयांच्या भरवशावर सोडू नये. तो नियम अडचणीच्या काळातील आधार समजावा.

टॉप-अप आणि वैधता यांतही गल्लत होते. १० रुपयांच्या टॉप-अपवर ७.४७ रुपयांचा टॉक-टाइम मिळतो, पण त्याने प्लॅनची मुदत वाढत नाही. तसेच नुसते ओटीपी येत आहेत म्हणून नंबर वापरात आहे असे धरून चालू नये. अशा नंबरावरून महिन्यातून एकदा तरी फोन करावा.

दर स्वस्त, पण शिवारात रेंज आहे का?

एखाद्या वाणाचे उत्पादन कागदावर कितीही असले तरी आपल्या जमिनीत ते येते का, हे आपण आधी थोड्या क्षेत्रावर पाहतो. नेटवर्कचेही तसेच आहे. तालुक्याच्या ठिकाणी चारही कंपन्यांची रेंज असते, ओढ्याकाठच्या शेतात एकाचीच असते.

- शेजारच्या शेतकऱ्यांच्या फोनवर घरात, गोठ्यात आणि विहिरीपाशी कोणत्या कंपनीच्या किती काड्या दिसतात ते पाहावे. रेंजच्या काड्या दिसत असल्या तरी प्रत्यक्ष फोन लावून बोलून पाहावे.
- पावसाळ्यात किंवा वीज गेल्यावर कोणता टॉवर बंद पडतो, ते गावकऱ्यांना माहीत असते. त्यांना विचारावे.
- कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर नेटवर्कचे नकाशे द्यावेत, असे ट्रायने बंधनकारक केले आहे. ते नकाशे पाहावेत, पण अंतिम निर्णय शिवारातील अनुभवावर घ्यावा.
- बीएसएनएलचे दर अनेकदा कमी असतात आणि तिची ४-जी सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये देशभरासाठी सुरू झाली. तुमच्या गावच्या टॉवरवर ती चालू आहे का आणि नीट चालते का, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

नव्या कंपनीचे सिम घेतल्यावर लगेच वर्षाचा प्लॅन मारू नये. आधी सर्वात कमी मुदतीचा रिचार्ज करून महिनाभर वापरून पाहावे.

मोबाईल स्टार्टरमधले सिम

कृषिपंपाची वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते अशा भागात मोबाईल स्टार्टरने मोठी सोय केली आहे. घरून मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू होते. पण त्यातल्या सिमचा रिचार्ज संपला तर रात्री अंधारातून विहिरीवर जाणे आले. साप, विंचू आणि काही भागांत बिबट्या यांची भीती असताना ही वेळ येऊ देऊ नये. त्यासाठी पुढील बाबी तपासाव्यात.

स्टार्टर २-जी आहे की ४-जी? जुने बरेच स्टार्टर फक्त २-जीवर चालतात. जिओचे २-जी नेटवर्क नाही, त्यामुळे तिचे सिम अशा स्टार्टरमध्ये चालत नाही. कंपनीचा प्लॅन स्वस्त आहे म्हणून सिम बदलण्याआधी स्टार्टरवरील माहिती वाचावी किंवा विक्रेत्याला विचारावे. नवा स्टार्टर घेणार असाल तर ४-जीचा घेणे पुढच्या दृष्टीने सोयीचे.

स्टार्टर फक्त फोन घेतो की स्वतःही फोन किंवा एसएमएस करतो? मोटर सुरू झाली, वीज गेली, विहिरीचे पाणी संपून मोटर कोरडी चालली, असे संदेश तो पाठवत असेल तर जाणाऱ्या फोनची आणि एसएमएसची सोय असलेला प्लॅन लागतो. प्लॅनमध्ये एकूण किती एसएमएस मिळतात तेही पाहावे.

रिचार्ज संपत आल्याचा इशारा कोण वाचणार? कंपनीचा इशारा स्टार्टरच्याच सिमवर येतो. तो विहिरीवरच्या पेटीत पडून राहतो, कोणाला दिसत नाही. म्हणून रिचार्ज केल्या दिवशीच शेवटची तारीख घरातील दिनदर्शिकेवर आणि स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर लिहावी. मुलाच्या फोनवर पाच दिवस आधीचा गजर लावावा.

पंप वर्षभर चालतो का? ऑक्टोबर ते मे एवढेच सिंचन असेल तर ८४ दिवसांचे तीन रिचार्ज २५२ दिवस पुरतात. ४६९ रुपयांप्रमाणे त्याचे १,४०७ रुपये होतात. मात्र हे सिम आधार, बँक किंवा कोणत्याही अर्जाला जोडलेले नसेल तरच असे करावे. पावसाळ्यात ते बंद पडून नवे सिम घालावे लागण्याची तयारीही ठेवावी.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलणे

रेंज किंवा दर परवडत नसेल तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत. मोबाईलच्या एसएमएसमध्ये इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून एक जागा सोडावी, आपला दहा अंकी नंबर लिहावा आणि १९०० वर पाठवावा. उत्तरात येणारा कोड चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधार कार्डासह जावे. एकाच परिमंडळात हे काम साधारण तीन कामकाजी दिवसांत होते. गोव्यासह महाराष्ट्राचे एक परिमंडळ आहे, मुंबईचे वेगळे.

जुन्या सिमवरील शिल्लक रक्कम आणि उरलेली वैधता नव्या कंपनीत मिळत नाही. त्यामुळे वार्षिक प्लॅन संपत आल्यावर, पण तो चालू असतानाच अर्ज करावा. पूर्ण संपल्यावर १९०० वर संदेश पाठवताना अडचण येऊ शकते. बदल होताना काही तास सेवा बंद राहू शकते. अर्जाची शेवटची तारीख किंवा केवायसीची मुदत जवळ असताना हे काम काढू नये.

रिचार्ज कधी करावा?

वार्षिक प्लॅन दिवसामागे स्वस्त पडतो, पण एकदम दीड-दोन हजार रुपये बाजूला काढणे प्रत्येकाला, प्रत्येक वेळी जमत नाही. सोयाबीन किंवा कापसाचे पैसे हातात आले की वर्षाचा रिचार्ज उरकून घ्यावा. पेरणीच्या तोंडावर पैशाची ओढाताण असते, तेव्हा ही तारीख येऊ देऊ नये. दुसरा फायदा असा, की मध्येच दर वाढले तरी घेतलेली मुदत तशीच राहते. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा आधी वर्षाचा रिचार्ज केलेल्यांना मुदत संपेपर्यंत त्याची झळ बसली नाही.

सहायक कृषी अधिकारी आणि कृषिमित्रांसाठी

गावातील अर्ज भरताना अनेकदा सेवा केंद्रचालकाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर टाकला जातो. त्या वेळी काम होते, पण पुढचे सर्व संदेश दुसरीकडे जातात. गावबैठकीत शेतकऱ्यांचे तीन नंबर एकदा ताडून पाहावेत: आधारला जोडलेला, बँक खात्याला जोडलेला आणि योजनेच्या अर्जावरील. तिन्ही एकच आणि चालू असतील तर पुढचा बराच त्रास वाचतो. आधारचा नंबर बंद झालेला असेल तर आधार केंद्रावर जाऊन तो आधी बदलून घ्यायला सांगावे. पीएम-किसानची केवायसी तोवर सेवा केंद्रावर बोटांच्या ठशांनी करता येते.

आपल्या नावावर किती सिम आहेत, हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम घेता येतात. अनोळखी नंबर दिसला तर तेथेच तक्रार नोंदवावी. ‘ट्रायमधून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा. ट्राय असे फोन करत नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे.

रिचार्ज करण्यापूर्वी तपासा

- हा नंबर आधार, बँक किंवा अर्जाला जोडलेला आहे का? असल्यास मुदत एक दिवसही खंडित होऊ देऊ नये.
- डेटा खरोखर लागतो का? नसल्यास फक्त कॉल-एसएमएसचा प्लॅन मागावा.
- किंमत भागिले दिवस किती येते? किमान तीन प्लॅनची तुलना करावी.
- वैधता २८, ३०, ८४, ३३६ की ३६५ दिवस? शेवटची तारीख लिहून ठेवली का?
- घर, गोठा आणि विहीर, तिन्ही ठिकाणी रेंज आहे का?
- वेगळे डेटा व्हाउचर या प्लॅनवर चालते का?
- सिम स्वतःच्याच नावावर आहे का?

या हंगामात घरातील सर्व नंबर, त्यांचे काम आणि रिचार्जची शेवटची तारीख एका पानावर लिहून ते पान सातबारा आणि बँकेच्या पासबुकासोबत ठेवावे. पुढच्या वेळी दुकानात जाताना तेच पान सोबत न्यावे.